बिनक्लचच्या गाडीचं तेल

ओतूरला माझं गॅरेज होतं तेव्हा दारात यायचे ते आसपासच्या गावांतले ट्रॅक्टर, जीपा आणि टोमॅटोचे टेम्पो. गिअरबॉक्सचा नुसता आवाज ऐकून आतला कुठला दात झिजलाय ते मी सांगायचो आणि उघडल्यावर बहुतेक तसंच निघायचं. त्यामुळे माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती. कुणी काही सांगायला लागलं की मी अर्धंच ऐकायचो. बायको म्हणायची, "समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तुमचा पाना चालू व्हतो." ती हे हसत म्हणायची, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मी मूळचा महाळुंगे पडवळचा. घरची शेती थोरल्या भावाकडे, आणि मी मंचरला एका उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं काम शिकलो. उस्तादांचा एक शिरस्ता होता. मोठं काम झालं की गाडी रात्रभर हलवायची नाही. सकाळी मालकाला बोलवायचं आणि इंजिन चालू करायच्या आधी त्याच्या डोळ्यांदेखत गेज ओढायचं. गेज म्हणजे इंजिनच्या तेलाची पातळी दाखवणारी लांब पट्टी. ती फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची आणि तेल खुणेवर आहे हे मालकाला दाखवायचं. मालकानं मान हलवली की दोघांनी गाडीला हात जोडायचे आणि मग चावी द्यायची. रात्रभरात सगळं तेल निथळून खाली येतं, म्हणून सकाळचं गेज खरं, असं उस्तादांचं म्हणणं. चालू इंजिनचं गेज कुणी ओढलं तर ते हातातला पाना फेकून मारायचे. मला एकदा खुब्यावर लागलाय. आमच्या भागात त्यांच्या हाताखालून गेलेले जेवढे मिस्त्री होते, ते सगळे असंच गेज दाखवायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझ्याकडे एका बाईंची गाडी आली. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका. राहायला ओतूरला, आईबरोबर, आणि शाळा आणे गावात, घाटावरच्या पठारावर. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या पायाला कॅलिपर होता, लोखंडी पट्ट्यांचा आणि जाड बुटाचा. एसटीची पायरी त्यांना चढता यायची नाही, म्हणून धाकटा भाऊ रोज मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचा. आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे, तिथून घाट चढून वर. मग भावाला पुण्याला नोकरी लागली आणि प्रश्न उभा राहिला.

तो सोडवला त्यांच्या मामांनी. मामा आखातातून परत येताना एक पांढरी जपानी गाडी घेऊन आले होते. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे, त्यामुळे चालवायला एक उजवा पाय पुरायचा. मामांनी ती भाचीला देऊन टाकली. बाई कॉलेजच्या मैदानावर पंधरा दिवसांत गाडी शिकल्या, परवाना काढला, आणि एका सोमवारी एकट्याच आण्याला गेल्या. पुढे कधीतरी गाडीची हवा भरून घ्यायला आल्या असताना म्हणाल्या, "इतकी वर्षं मला कुणीतरी पोचवायचं, भाऊ. आता मी जाते."

दोन वर्षं त्या अशा गेल्या. मग एका मार्चमध्ये गाडी गिअर पडताना घसरायला लागली. इंजिन ओरडायचं आणि गाडी मागं राहायची. गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा गेल्या होत्या. सुट्टी लागल्यावर काम काढायचं ठरलं. असा बॉक्स मी उभ्या आयुष्यात उघडला नव्हता, पण हे मी बाईंना सांगितलं नाही. मी तो गाडीतून उतरवला, जीपमध्ये घातला आणि पुण्याला अशीच कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दिला.

त्याच सुमारास बाईंनी मला दुसरी गोष्ट सांगितली. आई आणि भाऊ त्यांच्या मागे लागले होते की ओतूरच्या शाळेसाठी विनंती बदलीचा अर्ज द्या. अपंग शिक्षकांना आधी संधी मिळते, शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि तिथं एक जागा रिकामी होत होती. भावानं अर्ज भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. मुदत होती शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारपर्यंत.

"मग द्या की," मी म्हणालो. "हितं पाच मिनिटांत शाळा. घाट कशाला चढायचा रोज?"

बाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ओतूरला मी सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे, भाऊ. इथं मी अमक्याची लंगडी पोरगी. आण्याला मी नुसती बाई आहे. गाडी घाट चढली की अर्ज फाडून टाकणार आहे." हे त्यांनी दुकानातल्या सामानाची यादी सांगावी तसं सांगितलं. त्यामुळे ते किती मोठं आहे हे मला कळायला हवं होतं तेवढं कळलं नाही.

बॉक्स आणायला पुण्याला गेलो तेव्हा कारागिरानं मला उभं करून सगळं सांगितलं. "मिस्त्री, कन्व्हर्टर धुऊन कोरडा केलाय. तो आधी तेल पिणार. पहिल्यांदा पाच लिटर घाला, गाडी चालू करा, आणि चालू ठेवूनच थोडं थोडं वाढवत जा. शेवटची पातळी तेल गरम झाल्यावर बघायची, इंजिन चालू असताना. बंद करून बघू नका." कन्व्हर्टर म्हणजे अशा गाडीत क्लचच्या जागी असणारा, तेलानं भरलेला गोल डबा. तेल भरायचं त्याचं सांगणं मी नीट ऐकलं. शेवटचं वाक्य मात्र मला पुणेरी वाटलं. त्या लोकांना साध्या कामालाही एक पुस्ती जोडल्याशिवाय चैन पडत नाही, असं आमचं जुनं मत. मी "व्हय व्हय" म्हणून बॉक्स उचलला.

बसवायला दोन दिवस लागले. तेल लाल रंगाचं, पातळ, सरबतासारखं. म्हाताऱ्यानं सांगितलं तसं, त्यानं बरोबर दिलेले डबे संपेपर्यंत मी ते चालू गाडीत वाढवत गेलो. रोहोकडीच्या रस्त्यानं एक लांब चक्कर मारून आणली. गाडी लोण्यासारखी चालली. मी स्वतःवर खूश झालो, गॅरेजचं शटर ओढलं आणि बाईंना सकाळी आठला बोलावलं.

सकाळी सातला मी एकटाच गेलो आणि मालकिणीला दाखवायच्या आधी आपण बघून घ्यावं म्हणून बॉक्सचं गेज ओढलं; ह्या गाडीत इंजिनसारखं बॉक्सलाही वेगळं गेज होतं. तेल खुणेच्या वर चांगलं दोन बोटं होतं. ज्याच्या गेजवर तेल वर दिसतं त्या मिस्त्रीनं आंधळ्यासारखं ओतलंय असं आमच्यात समजतात. आणि तासाभरात मला तेच गेज बाईंसमोर धरायचं होतं. म्हाताऱ्याचं बोलणं त्या क्षणी डोक्यात आलंच नाही, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. आलं होतं. पण उस्तादांचा पाना त्याच्यापेक्षा जुना होता. मी गाडीखाली शिरलो, बोल्ट सैल केला आणि घमेल्यात तेल काढलं. खुणेवर यायला जवळजवळ दीड लिटर काढावं लागलं.

आठला बाई आल्या. मी गेज पुसलं, घातलं, ओढलं. तेल अगदी खुणेवर. बाईंनी मान हलवली. दोघांनी गाडीला हात जोडले.

सोमवारी शाळा उघडली. साडेअकराच्या सुमारास शेजारच्या दुकानातला फोन वाजला. आळेफाट्याहून एक जीपवाला बोलत होता. "ओ मिस्तरी, तुमच्या वळखीच्या बाई घाटात अडकल्यात. दुसऱ्या वळणावं. गाडी नुसती बोंबलतीया, फुडं सरकंना."

मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा बाई गाडीतच बसल्या होत्या, काचा खाली करून, मांडीवर हजेरीपट. बाहेर पडून कुठं जायची सोयच नव्हती त्यांना, उन्हात तीन तास तशाच. येणाऱ्या दोघातिघांनी जीपमध्ये बसा म्हटलं होतं, पण जीपची पायरी उंच आणि कुणाला उचलायला सांगायचं नाही हा त्यांचा हट्ट. मला म्हणाल्या, "पहिला दिवस चुकला."

गाडी एव्हाना गार झाली होती. मी चालू केली, वर घ्यायचा प्रयत्न केला, थोडी गेली आणि पुन्हा इंजिन नुसतं ओरडायला लागलं. वळवून खाली आणली तर निमूट आली. बेल्ह्यापासून ओतूरपर्यंत सपाट रस्त्यावर तक्रार नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी मी पुन्हा गेज ओढलं. खुणेवर. तेल बरोबर, बॉक्स नवा, सपाटीला चालते. मग राहिलं काय? चालवणारा माणूस.

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई आल्या. त्या दिवशी त्या शाळेला कशा गेल्या ते मी विचारलंही नाही. मी हात पुसत पुसत म्हणालो, "बाई, गाडीत काय न्हाई. तुमी डावा पाय ब्रेकवर ठिवून चालवता. बिनक्लचच्या गाडीत समदे त्येच करत्यात. त्यानं प्लेटा जळत्यात."

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा डावा पाय तुम्ही बघितलाय ना, भाऊ? तो मी उचलून गाडीत ठेवते. दोन्ही हातांनी. तो ब्रेकवर जाईल कसा?"

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी मान खाली घातली. मला शरम वाटली, पण मी चुकलोय म्हणून नाही. चारचौघांत वाईट दिसलं म्हणून. आणि शरम वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी म्हणालो, "मंग पुण्याच्या म्हाताऱ्यानं बॉक्सच खराब बांधला आसंल. माझ्या हातात काय न्हाई आता. ह्या गाडीवं भरवसा ठिवू नका, येवढं सांगतो." बाई उठल्या, भिंतीला हात धरून बाहेर गेल्या.

दोन दिवस मी त्या गाडीकडे पाहिलं नाही. गुरुवारी दुपारी म्हाताऱ्याशी भांडायचं म्हणून एसटीडी बूथवर गेलो. जे तोंडात आलं ते बोललो. त्यानं मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "मिस्त्री, पातळी कधी बघितली?"

"सकाळी. गार आसताना. इंजिन चालू करायच्या आदी."

"जास्त दिसली असेल."

"दोन बोटं."

"मग तुम्ही काढलं का तेल?"

"दीड लिटर," मी म्हणालो. बूथच्या मीटरवरचे आकडे पुढं सरकत होते. म्हातारा ओरडला नाही. पहिलीतल्या पोराला सांगावं तसं त्यानं सांगितलं. गाडी बंद असली की कन्व्हर्टरमधलं तेल निथळून खाली येतं, म्हणून गेजवर जास्त दिसतं. चालू केली की पंप ते पुन्हा वर ओढतो आणि खाली राहतं तेवढंच खरं. पंपानं वर ओढायचं तेलच तुम्ही काढून टाकलंत. सपाटीला उरलेल्या तेलावर गाडी चालते. चढाला ते उरलेलं मागच्या बाजूला पळतं, पंपाच्या तोंडी हवा येते, मग प्लेटा धरणार कशाच्या जोरावर? "अजून जळाल्या नसतील तर नशीब समजा," तो म्हणाला. "तेलाचा वास घ्या. करपट आला तर मला सांगा."

पैसे देऊन मी बूथमधून बाहेर आलो. सहा वर्षं घोटलेल्या ज्या सवयीचा अभिमान धरला, तिनंच मला तोंडघशी पाडलं होतं. मी घमेल्यात तेल काढलं, बाईंना खुणेवरचं गेज दाखवलं, त्यांना घाटात बसवलं, आणि वर त्यांच्याच पायाला नावं ठेवली. बाईंचं घर बाजारपेठेच्या पलीकडे, चालत दहा मिनिटांवर होतं. मी त्या वाटेला लागलो सुद्धा. मग पाय अडखळला. आत्ता जाऊन सांगायचं काय? की मी चुकलो आणि गाडी अजून तशीच पडलीय? त्यापेक्षा आधी गाडी धड करू, घाट चढवून बघू, आणि मग चावी हातात देतानाच काय ते सांगू. तेव्हा मला हे शहाणपणाचं वाटलं. मी गॅरेजला परत फिरलो.

तेलाला वास नव्हता. बोटावर घेऊन उजेडात धरलं, रंग थोडा काळवंडला होता, पण प्लेटांची भुकटी नव्हती. माझं नशीब. काढलेलं तेल घमेल्यात धूळ बसून वाया गेलं होतं, आणि नवं लाल तेल ओतूरला काय, आळेफाट्यालाही मिळेना. शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो, म्हाताऱ्याच्या समोर मान खाली घालून उभा राहिलो आणि डबे घेऊन संध्याकाळी परत आलो. शनिवारी सकाळी तेल भरलं. शेजारच्या टेम्पोवाल्याला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला, गाडी गरम केली, चालू इंजिनवर गेज ओढलं. दुपारी तोच टेम्पोवाला बरोबर घेऊन घाट चढवला. एकदा नाही, तीनदा. गाडीनं कुठं हूं की चूं केलं नाही.

रविवारी सकाळी गाडी पुसून बाईंच्या दारात नेली. दारातच सांगितलं, "बाई, चूक माझी व्हती. म्हाताऱ्याची न्हाई आन् तुमची तर न्हाईच. मी तेल काढून टाकलं व्हतं." कसं आणि का, तेही सांगितलं. आई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बरं झालं, गाडी दवाखान्याला, लग्नाकार्याला उपयोगी पडेल. मग मला कळलं. बाईंनी शनिवारी सकाळी अर्जावर सही केली होती आणि भावानं तो जुन्नरला पंचायत समितीत जाऊन देऊन टाकला होता.

"परत न्हाई का घेता यायचा?" मी विचारलं.

"विचारलं मी. घेतलेला अर्ज मागं घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "असू द्या. माणसाकडून होतं." आणि मला चहा दिला. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर तो चहा मला गेला असता.

महिनाभरात आदेश निघाला. आण्याच्या शाळेचा चार्ज द्यायला बाई स्वतःच्या गाडीनं निघाल्या तेव्हा मी म्हणालो, मी येतो बरोबर, घाट चढल्यावर तेल बघायला हवं. तेल बघायची तशी काही गरज नव्हती. बाई नको म्हणाल्या नाहीत.

घाटात त्यांनी एका लयीत गाडी घेतली. दुसऱ्या वळणावर मी खिडकीबाहेर बघत राहिलो. वर शाळेत त्यांनी कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपट, मुलांचे दाखले असं सगळं नव्या गुरुजींच्या स्वाधीन केलं. चौथीची मुलं रांगेत उभी राहून पाया पडली. एका पोरीची आई शेतातून तशीच आली होती. ती म्हणाली, "बाई, एवढं वरीस तरी काढायचं व्हतं. पोरगी तुमच्याच हातची हाय." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत येऊन बसल्या.

मैदान सपाट होतं. मी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायला सांगितलं. बाईंनी ब्रेक दाबून धरला आणि मी सांगत गेलो तसा गिअरचा दांडा एकेका खुणेवर नेऊन थांबवला, पुन्हा मागं आणला. मी गेज ओढलं, पुसलं, घातलं, ओढलं. गरम तेल बरोबर वरच्या खुणेला टेकलं होतं. खिडकीपाशी नेऊन ते त्यांना दाखवलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"हे असं बघायचं असतं, हे तुम्हाला कळलं कधी, भाऊ?"

इंजिन चालू होतं. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. रविवारी सकाळीच कळलं, असंही म्हणता आलं असतं.

"गुरुवारी," मी म्हणालो. "दुपारी. म्हटलं आदी गाडी करावी, मंग सांगावं."

बाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यांच्याकडे बघतच बाई म्हणाल्या, "गाडी नसती झाली तरी चाललं असतं. गुरुवारी नुसतं येऊन सांगितलं असतंत, तर मी सही केली नसती."